ब्रेकचा पाय दिला नाही

डॉक्टर म्हणाले, "आबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मी तुमच्या मुलाशी बोलतो." तेव्हाच मला कळलं.

माझं सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. गॅरेजवाला जेव्हा ड्रायव्हरला चहाला पाठवतो आणि मालकाला बाजूला घेतो, तेव्हा इंजिन गेलेलं असतं. मी खुर्चीतून उठलो नाही. म्हटलं, "तोंड माझं आहे. जे काय असेल ते मला सांगा."

संजय म्हणजे माझा मुलगा. धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून आहे. तो म्हणाला, "आबा, ऐका ना जरा." मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. कमल म्हणाली, "सांगी द्या साहेब. हाऊ माणूस इठून हालस नही."

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे. डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीचा, आणि जबड्याच्या हाडात शिरलाय. आधी बायोप्सी केली होती. बायोप्सी म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याचा हा निकाल.

पुढचा प्रश्न असा, "तंबाखू किती वर्षं खाताय?"

म्हटलं, खात नाही.

"आधी? गुटखा, मिश्री, काही?"

म्हटलं, आधीही नाही. बिडी नाही, दारू नाही. डॉक्टरांनी मान हलवली. पोलीस हलवतात तशी. ड्रायव्हर म्हटला की खाणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पुढं प्रत्येक नवा डॉक्टर, प्रत्येक सिस्टर, एक्सरेवाला, सगळ्यांनी हेच विचारलं, आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. ज्याने खाल्ली त्याला निदान खाल्ल्याचं सुख तरी मिळालं. मला शिक्षाच तेवढी मिळाली.

मी चौथीपर्यंत शिकलोय. हे लिहितोय कारण आता माझं बोलणं लोकांना नीट समजत नाही, आणि दोन दोन वेळा "काय म्हणालात?" असं विचारलेलं मला खपत नाही. तुमच्या घरात कुणाला हे दुखणं आलं असेल तर वाचा. गोड गोष्टी वाचायच्या असतील तर दुसरीकडं जा.

आधी घराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्हाला घर नाही. होतं, धुळ्याला. ते संजयला देऊन टाकलं. ट्रकची नोकरी सुटल्यावर मी एक जुनी चारशेसात घेतली, म्हणजे लहान ट्रक. आग्रा रोडवरच्या बॉडीवाल्याच्या शेडमध्ये बसून तिच्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी, कमलचे देव, सगळं. संजय म्हणतो परदेशात याला मोटरहोम म्हणतात. आम्ही घरगाडी म्हणतो. पाच-सहा वर्षं आम्ही दोघं त्यात राहिलो. गुजरातचा समुद्र, नर्मदेचा काठ, खाली पार कन्याकुमारीपर्यंत. आयुष्यभर ज्या रस्त्यांवर दुसऱ्याचा माल वाहिला, त्या रस्त्यांवर आपलं घर न्यायचं, एवढीच हौस होती.

संजयला ते कधी आवडलं नाही. गल्लीत लोक म्हणायचे, पोरानं आईबापाला गाडीत काढलं. म्हणजे रस्त्यावर आम्ही मजेत, आणि नाक कापलं त्याचं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मी ते त्याला सांगितलं नाही.

दुखणं कच्छकडं सुरू झालं. भाजलेले हरभरे खाताना डावीकडची दाढ तुटली. तुटलेली कड हिरडीला आणि गालाला लागायची. दुसरा माणूस दातांच्या डॉक्टरकडं गेला असता. मी टूलबॉक्स उघडला. आरशात बघून बारीक कानशीनं दाढेची कड घासून गुळगुळीत केली. लोखंडाचा बूर काढतात तशी. कमल तोंड फिरवून बसली होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

टोचणं थांबलं. जखम मात्र गेली नाही. मी शेवभाजीच्या तर्रीत भाकरी चुरून खाणारा माणूस. तोंडाची आग झाली तर मिरचीला बोल लावला. पुढं दाढच हलायला लागली. एका ढाब्यामागं पकड गरम पाण्यात बुडवली आणि दाढ उपटून टाकली. फार जोर लावावा लागला नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. घट्ट बसलेला नट हातानं सुटत नाही. सुटला म्हणजे आतला आटा गेलेला असतो.

डॉक्टर नंतर म्हणाले, "आबा, दाढ किडली म्हणून नाही हलली. खालचं हाड पोखरलं गेलं म्हणून हलली." दाढ उपटली तो खड्डा काही भरला नाही. मग एक दिवस चहा पिताना कमल म्हणाली, "अहो, चहा सांडी राह्यना सदऱ्यावर." मला कळलंच नव्हतं. डावीकडचा खालचा ओठ बधिर झाला होता. त्या दिवशी गाडी वळवली ती सरळ जळगावला.

तुम्हाला सांगतो, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. तोंडात तीन बोटं उभी जाईनात तर दाखवा. ओठ बधिर झाला तर त्याच दिवशी दाखवा. आणि टूलबॉक्स बंद ठेवा. शरीर म्हणजे गाडी असं आम्ही गाडीवाले फार म्हणतो. नसतं ते गाडी.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कागदावर जबडा काढून दाखवला. डावीकडचा बराच भाग कापावा लागणार. मानेतल्या गाठीही काढणार. मी विचारलं, कापलेल्या जागी काय राहील? ते म्हणाले, "तुमच्याच पायाचं हाड बसवू."

मला वाटलं चेष्टा करतात. मग त्यांनी समजावलं. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. जाड हाड वजन घेतं. बारीक असतं त्याला फिब्युला म्हणतात, त्याच्याशिवाय माणूस चालू शकतो. ते हाड, त्यावरची कातडी आणि त्याची रक्ताची नस, असं सगळं एकत्र काढतात आणि तोंडात बसवून नस मानेतल्या नसेला जोडतात. याला ते फ्लॅप म्हणतात.

उभ्या गाडीचा पार्ट काढून चालत्या गाडीला लावायचा, हे आम्ही आयुष्यभर केलं. इथं उभी पण मीच आणि चालती पण मीच.

मी विचारलं, "कोणता पाय?"

"उजवा घेऊ. जोडायला मला तो सोयीचा पडेल."

"उजवा नाही मिळायचा."

"का?"

"उजवा ब्रेकचा आहे."

डॉक्टरांनी संजयकडं पाहिलं. संजयनं जमिनीकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "आबा, गाडी आता..." आणि पुढचं बोलले नाहीत. पुरं बोलले असते तर मी भांडलो असतो. अर्ध्या वाक्याशी भांडता येत नाही.

म्हटलं, "साहेब, डावा घ्या. डावा क्लचचा. क्लच चुकला तर गाडी गचका खाईल, बंद पडेल. ब्रेक चुकला तर समोरचं माणूस मरेल. मी आजवर कुणाला मारलेलं नाही."

संजय चिडला. "आबा, ऑपरेशन जबड्याचं आहे. तुम्ही पायाचा काय सौदा करताय?"

कमल म्हणाली, "करू दे. त्याना पाय शे."

मग पायांची सीटी अँजिओग्राफी केली. म्हणजे नसेत औषध सोडून फोटो काढतात आणि पायात रक्त कुठून कसं वाहतं ते बघतात. काही जणांच्या पावलाला एकच नस पुरवठा करते, त्यांचं हाड काढता येत नाही. माझे दोन्ही पाय ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, डावा घेऊ. मला थोडं अवघड जाईल, पण घेऊ. एक सांगून ठेवतो. घोटा दुखेल. अंगठ्यात पूर्वीचा जोर राहील असं नाही. चालाल तुम्ही नक्की."

"आणि क्लच?"

"त्याची खात्री मी देत नाही."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात पुष्कळ राग आहे. पण त्यानं खोटं सांगितलं नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो.

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला म्हणतात. मला काय माहीत. जाग आली तेव्हा नाकात एक नळी, गळ्यात एक नळी, मानेतून दोन, हाताला दोन, आणि डावा पाय पट्टीत. नाकातल्या नळीला राइल्स ट्यूब म्हणतात. तिच्यातून पातळ जेवण पोटात सोडतात. गळ्यातली ट्रॅकिओस्टोमी. तोंड सुजलेलं असतं तेव्हा श्वास अडकू नये म्हणून गळ्याला भोक पाडतात. हवा तिथूनच जाते आणि तिथूनच येते, म्हणून आवाज फुटत नाही. हे आधी सांगितलं होतं. तरी पहिल्यांदा बोलायला गेलो आणि नुसती हवा आली, तेव्हा वाटलं, आता आपण माणसांतून उठलो.

सिस्टर दर थोड्या वेळानं यायची, तोंडात बॅटरी मारायची आणि फ्लॅपचा रंग बघायची. गुलाबी असला तर जिवंत. काळा पडला तर परत टेबलावर. माझ्या तोंडात माझी पिंढरी होती, आणि ती जगते की नाही हे बघायला लोक येत होते. नंतर त्या कातडीवर केस उगवले. हसू नका. पायाची कातडी आहे, तोंडात बसवली म्हणून ती पायाचा धर्म सोडत नाही. जिभेला ते केस लागायचे. हे कुणीही आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शेजारच्या पलंगावर रफिकभाई होते. भुसावळचे सुतार. त्यांनी पंचवीस वर्षं गुटखा खाल्लेला. त्यांचं ऑपरेशन माझ्या आधी झालं होतं, त्यामुळं थोडंफार बोलायचे. मला बोलण्यासाठी एक पाटी दिली होती. मी खात नव्हतो हे तिच्यावर लिहून दाखवलं. दवाखान्यात विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस. म्हणाले, "आबा, तुम्ही न खाता माझ्या शेजारी येऊन पडलात. मग मी सोडला असता तर काय मिळवलं असतं?" हसलो आम्ही दोघं. टाके ओढले गेले आणि दोघांनाही सिस्टरच्या शिव्या खाव्या लागल्या.

या सगळ्या दिवसांत घरगाडी दवाखान्याच्या आवारात निंबाखाली उभी होती. कमल तिच्यात राहायची. नातेवाइकांना झोपायला वऱ्हांडा, पाणी गरम करायला सोय नाही. दोन दिवसांत सगळ्या वॉर्डातल्या बायका कमलच्या गॅसवर दूध तापवायला आणि डाळ पातळ करायला यायला लागल्या. कुणी सावद्याकडून केळी आणून दारात ठेवून जायचं. कुणी कोथिंबीर. संजयला ज्या गाडीची लाज वाटायची, तिच्यापुढं रांग लागायची. मी वरच्या खिडकीतून बघायचो.

एका दुपारी सिस्टरनं मला वॉकर देऊन खिडकीपर्यंत चालवलं. खाली वॉचमन कमलला काहीतरी सांगत होता. ऑक्सिजनचा टँकर यायचा होता, गाडी हलवायला पाहिजे होती. संजय धुळ्याला कचेरीत. कमल हात हलवत त्याला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग ती फिरली, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या बाजूनं वर चढली.

लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. पुसायलासुद्धा नाही.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर पडला. गाडी हलली, आणि तिच्या चालीवरूनच मला कळलं की तिनं पाय क्लचवरून काढलेलाच नाही. अर्ध्या क्लचवर गाडी रेटत होती. वास माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. माझ्या नाकातून हवासुद्धा जात नव्हती. तरी क्लचप्लेट जळल्याचा वास मला आला. मी ओरडलो. आवाज नाही. मी काचेवर हात आपटले. सिस्टर धावत आली. तिला वाटलं गळ्यात कफ अडकला. तिनं मला पलंगावर पाडलं, गळ्यात नळी घातली आणि खरखर सक्शन सुरू केलं. मी हातानं खिडकी दाखवतोय, ती म्हणतेय, "हो आबा, हो, होतंय मोकळं."

रफिकभाई भिंतीकडं तोंड करून हसत होते.

संध्याकाळी कमल वर आली. मी पाटीवर लिहिलं, क्लच जाळला. तिनं वाचलं आणि शांतपणे पुसून टाकलं. म्हणाली, "माहेरी केळीना बागमा ट्रॅक्टर चालाडेल शे मी. तुम्ही कधी इचारंच नही."

चाळीस वर्षं. मी पाटी बाजूला ठेवली.

रफिकभाई माझ्या आधी घरी गेले. जाताना म्हणाले, भुसावळला या, माझ्या हातची लाकडी पेटी बसवून देतो गाडीत. काही महिन्यांनी त्यांची पुन्हा गाठ पडली, तिथंच, चिठ्ठीच्या रांगेत. त्यांचा कॅन्सर दुसऱ्या बाजूनं निघाला होता. पेटीचं कुणी बोललं नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. नंतर रेडिएशन. म्हणजे मशीनमधून किरण सोडून उरलंसुरलं जाळतात. तोंडावर प्लास्टिकचा मुखवटा बसवतात आणि टेबलाला आवळतात, हलायचं नाही. दुखत काहीच नाही. दुखणं नंतर येतं. थुंकी आटते, तोंड आतून सोलतं, पाणी गिळताना काच गिळल्यासारखं होतं. सगळ्याची चव मातीसारखी. तोंडातले पायाचे केस तेवढे गळून गेले. रेडिएशनचा एवढा एक उपकार.

दिवस जळगावच्या उन्हाळ्याचे. घरगाडीचा पत्रा असा तापायचा की आतली मेणबत्ती वाकली. कमल टपावर ओलं गोणपाट टाकायची, ते घटकाभरात वाळायचं. संजय दर शनिवारी यायचा. पहिल्याच शनिवारी म्हणाला, खोली घेतो भाड्यानं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या शनिवारी त्यानं विचारलं नाही. गोणपाटाची ओली गोणी स्वतः खांद्यावर घेऊन शिडीनं टपावर चढला. कचेरीचे कपडे, इस्त्रीची पँट. खाली उतरला तेव्हा सगळा चिखल. मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं हे कारण खरं, पण पुरतं खरं नाही.

रेडिएशन संपल्यावर मी इतका उतरलो होतो की धुळ्याला संजयच्या घरी जाणं भाग पडलं. गाडी त्याच्या एका मित्रानं चालवत आणली आणि गल्लीत लावली. मी संजयच्या मोटारीत मागं आडवा.

मीच बांधलेल्या त्या घरात पाहुणा म्हणून राहणं मला कठीण गेलं. सून चांगली आहे. मऊ भात, पातळ वरण, सगळं वेळेवर. पण जेवताना डावीकडून लाळ गळते, ती कुणी बघितलेली मला चालत नाही. मी भिंतीकडं तोंड करून जेवायचो. भेटायला येणारे तर विचारूच नका. एक म्हणे गोमूत्र घ्या, एक म्हणे हळद. एक गृहस्थ माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "तंबाखू लई वाईट." त्यांच्या स्वतःच्या गालात पुडी होती.

रोज सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत मी गाडीत चढायचो आणि क्लच दाबून बघायचो. गाडी बंद, नुसता पेडल. मी स्वतःशी ठरवलं होतं, क्लच खालपर्यंत गेला आणि सिग्नल सुटेपर्यंत धरून ठेवता आला, की आपण निघालो. जुन्या चारशेसातचा क्लच जड. पाय अर्ध्यापर्यंत जायचा आणि घोट्यातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढं अंधार. कधी खालपर्यंत जायचा, पण थरथरून सुटायचा. असे महिने गेले. चालणं सुधारलं. काठी सुटली. क्लच नाही.

संजयला हे माहीत होतं. मला वाटायचं माहीत नाही. एक दिवस म्हणाला, "आबा, आता बिनक्लचच्या मोटारी येतात. एक छोटी घेऊ तुमच्यासाठी."

म्हटलं, "तिच्यात पलंग मावतो का?"

मग एका रविवारी तो गाडीला गिऱ्हाईक घेऊन आला. पारोळा रोडला चायनीजची गाडी टाकायची होती त्या माणसाला. माझ्या घराची तो मापं घेत होता. पलंग काढू, तिथं भट्टी. देवांच्या फळीवर सॉसच्या बाटल्या. कमल ओट्यावर तांदूळ निवडत होती. माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसला, गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि म्हणाला, "काका, क्लच लई जड आहे हो हिचा."

कमलनं ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "माले तं नही लागना जड."

माणूस हसला. संजय हसला. मी हसलो नाही. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "उतर खाली." माझं बोलणं लोकांना समजत नाही, पण तेवढं त्याला पहिल्या झटक्यात समजलं.

तो गेल्यावर संजयचा आणि माझा खटका उडाला. तो म्हणाला, "चालवता येत नाही, विकत पण नाही. मग तिचं करायचं काय, सांगा?" तो बरोबर विचारत होता. मला उत्तर माहीत होतं, त्या खिडकीतल्या दुपारपासून माहीत होतं. ते तोंडातून काढणं म्हणजे जबडा दुसऱ्यांदा कापून देणं होतं.

ब्रेकचा पाय मी राखला. राखून तो बसून आहे. दिला तो पाय गेला आणि राखला त्याला काम नाही. उजवा दिला असता तर? तरी मी चालवली नसती. हे मला कळतं. कळून राग जात नाही.

चार दिवस मी किल्ली खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी सकाळी कमल तांदळाचं ताट घेऊन ओट्यावर बसली होती. मी किल्ली तिच्या शेजारी ठेवली. हातात दिली नाही. तेवढं मला जमलं नाही. ओट्यावर ठेवली आणि गाडीकडं गेलो. उजव्या दारापाशी सवयीनं थांबलो. मग पुढून वळसा घालून डावीकडं गेलो आणि क्लीनरच्या सीटवर चढून बसलो.

ती लगेच आली नाही. आधी ताट आत ठेवून आली, हात धुऊन आली.

लायसनशिवाय चालवू देणारा मी नव्हे. संजयनंच तिला आरटीओत नेलं. साठीची बाई शिकाऊ लायसन काढते म्हणून तिथले लोक बघायला जमले. आता गाडीच्या पुढं मागं लाल एल लावलाय. शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्क्या लायसनवाला बसावा लागतो, असा कायदा आहे. तो मी. माझं लायसन अजून चालू आहे.

लांब जाता येत नाही. दर थोड्या महिन्यांनी जळगावला तपासणी असते. खुंट्याला बांधलेल्या बैलासारखं आमचं झालंय, दोर पुरेल तेवढं फिरायचं. मागच्या वेळी डॉक्टरांनी तोंड बघितलं, मान चाचपली आणि म्हणाले, "सध्या काही नाही." त्या सध्या शब्दावर मी येताना पारोळ्यापर्यंत चिडून होतो. कमल म्हणाली, "आते नही ना? मंग झालं."

अशा लिखाणात शेवटी आभार मानतात. मानतो. डॉक्टरांचे, खोटं बोलले नाहीत म्हणून. संजयचे, टपावर चढला म्हणून. हे त्याला तोंडानं सांगितलेलं नाही, वाचेल तेव्हा कळेल. रफिकभाईंचे, विश्वास ठेवला म्हणून. ते आता नाहीत. कमलचे आभार मानले तर ती मला गाडीतून उतरवून देईल.

ती चाळीसच्या वर जात नाही. मागून येणारे ट्रक हॉर्न मारत पुढं निघून जातात. त्यातले काही ड्रायव्हर वाकून बघतात, बाई चालवतेय आणि म्हातारा क्लीनरच्या जागी. मी समोर रस्त्याकडं बघतो. एरंडोलच्या अलीकडं चढ लागला की ती गिअर उतरवते, आणि तेव्हा माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो. घोट्यात कळ येते. पायाखाली नुसता पत्रा आहे. तरी मी दाबून धरतो, तिचा गिअर पडेपर्यंत.